प्रभूच्या स्वाधीन, पण औषधाच्या वेळा पाळून

खर्डा म्हटले की इतिहासाच्या जाणकारांना 1795 ची लढाई आठवते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मराठ्यांच्या आणि निजामाच्या फौजा या माळावर समोरासमोर आल्या, निजामाने खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला आणि अखेर तह करून तो परतला. किल्ला अजून उभा आहे. माझी आत्या त्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर राहत असे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, वयाची ऐंशी ओलांडलेली, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती असलेल्या घरातली ही बाई. हृदय दुर्बल झालेले, पायांवर सूज, दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. दीड वर्षात तिला तीनदा रुग्णालयात दाखल करावे लागले होते. तिसऱ्या खेपेहून घरी आल्यावर एका रात्री ती मुलांना म्हणाली, "आता मला इथून हलवू नका. मी प्रभूच्या स्वाधीन आहे."

या एका वाक्यावरून घरात वाद पेटला. पुण्याहून आलेला थोरला म्हणाला, "आई धीर सोडते आहे. तिचे ऐकून बसलो तर उद्या स्वतःला क्षमा करता येणार नाही. आपण तिला नगरच्या मोठ्या रुग्णालयात हलवू." तिच्याजवळ राहणारा धाकटा म्हणाला, "आईने निर्णय घेतला आहे. मग या रोजच्या सात गोळ्या तरी कशासाठी? तिला शांतपणे जाऊ दे." दोघांचेही आईवर प्रेम होते, आणि दोघांनीही आपापल्या भीतीनुसार तिच्या वाक्याचा अर्थ लावला होता. मी परिचारिका, म्हणून निवाड्यासाठी मला बोलावणे आले. असे निवाडे आयुष्यभर पुष्कळ पाहिले असल्याने मी जाताना एवढेच ठरवले होते, की आधी आत्यालाच विचारायचे.

ख्रिस्ती घरांत "स्वाधीन" हा शब्द वारंवार कानी पडतो. आजारपणात, परीक्षेच्या वेळी, प्रवासाला निघताना पाळकसाहेब याच शब्दाने प्रार्थना संपवतात. त्याचे मूळ स्तोत्रसंहितेतल्या एकतिसाव्या स्तोत्रात आहे. आपला आत्मा देवाच्या हाती सोपवण्याची ती प्रार्थना प्रभू येशूने वधस्तंभावर अखेरच्या क्षणी उच्चारली, असे लूक सांगतो. त्यामुळे आपण तिला मृत्यूशय्येची प्रार्थना समजून चालतो. मूळ स्तोत्र सावकाश वाचले की निराळे चित्र दिसते. ते म्हणणारा माणूस मरणाच्या दारात पडलेला नाही. तो शत्रूंनी घेरलेला आहे, दुःखाने त्याची दृष्टी क्षीण झाली आहे, शेजारीपाजारी त्याला टाळू लागले आहेत आणि फुटक्या भांड्यासारखे आपण निरुपयोगी झालो, असे त्याला वाटते आहे. एकाकी वार्धक्याचे याहून नेमके वर्णन मी क्वचित वाचले आहे. तशा स्थितीत तो आपले दिवस देवाच्या हाती देतो, आणि ते जगण्याचे दिवस आहेत. पुढे ख्रिस्ती परंपरेत ही ओळ रात्रीच्या प्रार्थनेत आली. निजण्यापूर्वी रोज म्हणायची आणि सकाळी उठून कामाला लागायचे, असा तिचा नित्याचा उपयोग आहे.

जुन्या करारातली हिज्कीया राजाची कथा तर प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याने वाचावी अशी आहे. राजा मरणपंथाला लागतो. यशया संदेष्टा येऊन त्याला घरादाराची व्यवस्था लावायला सांगतो. राजा भिंतीकडे तोंड फिरवून रडतो आणि प्रार्थना करतो. देव त्याला आणखी पंधरा वर्षे देतो. लोक कथा इथवर सांगतात आणि थांबतात. पण पुढचा तपशील मला फार मोलाचा वाटतो: यशया अंजिरांचा लगदा आणवून राजाच्या गळवावर बांधायला लावतो. वचन मिळाले म्हणून पोटीस चुकवलेले नाही. गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा, अशी विनंती आधी केली आणि त्यानंतरच पित्याच्या इच्छेला मान तुकवली. तेव्हा "मला बरे व्हायचे आहे" असे मनापासून म्हणणाऱ्या रुग्णाची श्रद्धा उणी आहे, असे कोणी समजू नये.

श्रद्धा आणि औषध यांचे नाते पाहायला आम्हा जामखेड तालुक्यातल्या माणसांना ग्रंथांत शिरावे लागत नाही. खर्ड्याच्या वायव्येला, तालुक्याच्या गावी, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये आपले काम उभे केले. रजनीकांत राहुरीचे, शिक्षकांच्या घरातले. मेबल यांचा जन्म जबलपूरचा. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. 1960 मध्ये लग्न करताना त्यांनी खेड्यांतल्या उपेक्षितांसाठी आयुष्य देण्याचा निश्चय केला. नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले, की बरे होऊन घरी गेलेले रुग्ण त्याच आजाराने पुन्हा दारात येतात. रुग्णालयाच्या भिंतींच्या आत बसून हे थांबणार नव्हते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात राहिले.

पुढची हकिगत आता जगभरच्या आरोग्यशिक्षणात सांगितली जाते. त्या काळी इथे जन्मणाऱ्या हजार बालकांपैकी पावणेदोनशेच्या आसपास बालके वर्षाच्या आत दगावत. आरोळे दांपत्याने गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित समाजातल्या होत्या. बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांविषयीचे ज्ञान डॉक्टरांच्या खोलीतून निघून त्यांच्या हाती आले. बालमृत्यू कित्येक पटींनी खाली आले. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल 1999 मध्ये निवर्तल्या, रजनीकांत 2011 मध्ये. मधली बारा वर्षे त्यांनी काम चालूच ठेवले.

आरोळे दांपत्याची प्रेरणा ख्रिस्ती होती आणि सेवा सर्वांसाठी होती. आपले आयुष्य देवाचे, असे मानणाऱ्या या दोन माणसांनी हात जोडून वाट पाहिली नाही. विहिरींचे पाणी, बाळांचे वजन आणि बाळंतिणीचा आहार यांकडे लक्ष दिले. म्हणून कोणी मला "देवावर भरवसा आहे, आता गोळी नको" असे सांगितले की मी जामखेडचे नाव घेते. काही प्रार्थनासभांतून इन्सुलिन, फिट्सची किंवा क्षयाची औषधे सोडण्याचा सल्ला दिला जातो, तो ऐकू नये. फिट्सची औषधे एकाएकी थांबवल्यास जिवावर बेतू शकते. क्षयाचा उपचार अर्धवट सोडला तर रोग औषधांना दाद देईनासा होतो आणि घरातल्या नातवंडांनाही धोका पोहोचतो.

आता आत्याकडे वळू. मी तिच्या खाटेशी बसून विचारले, "आत्या, स्वाधीन म्हणजे तुझ्या मनात काय आहे ते सांग." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला मरायची घाई नाही गं. धाकटीचे बाळंतपण पाहायचे आहे. पण त्या काचेच्या खोलीत, नळ्या लावून, एकटीने जायचे नाही. दम लागतो त्याची भीती वाटते. आणि पोरांनी माझ्यावरून भांडू नये." या पाच वाक्यांत सगळे आले होते. तिला गोळ्या हव्या होत्या, कारण लघवीची गोळी चुकली की दम वाढतो, हे तिला पक्के ठाऊक होते. तिला नको होता तो अतिदक्षता विभागातला एकांत. धाकट्याने तिच्या तोंडी घातलेली इच्छा तिची नव्हती, आणि थोरल्याला दिसलेली निराशाही तिची नव्हती.

मात्र प्रत्येक वेळी असेच असते, असे नाही. "देवाने आता उचलावे," असे वृद्ध माणूस वारंवार म्हणू लागले, तर त्यामागे नैराश्य असू शकते आणि श्रद्धेची भाषा त्यावर पांघरूण घालते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, नातवंडांतही मन रमत नाही, आपण घराला ओझे झालो ही एकच रट, अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. उतारवयातले नैराश्य उपचाराने बरे होते. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. ओळखण्याची माझी एक साधी रीत आहे: देवाच्या हाती स्वतःला सोपवलेला माणूस सहसा समोरच्याची विचारपूस करतो, त्याला अजून कशाची तरी उत्सुकता असते. आत्याने त्या रात्री मला, "जेवून आलीस का?" हे आधी विचारले होते. अर्थात ही रीत डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांशी सगळे एकत्र बोललो. हृदय आणखी सुधारण्याची शक्यता उरलेली नाही, पण त्रास कमी करण्यासारखे पुष्कळ आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या उपचारपद्धतीला उपशामक उपचार किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती केवळ कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहे, असा समज चुकीचा आहे. हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसे यांच्या दीर्घ विकारांतही ती उपयोगी पडते, आणि मूळ आजाराच्या औषधांबरोबर चालू ठेवता येते.

या शाखेच्या आधुनिक इतिहासाशी ख्रिस्ती श्रद्धेचा जवळचा संबंध आहे. लंडनच्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. 1948 मध्ये डेव्हिड तास्मा नावाचा एक पोलिश निर्वासित त्यांच्या देखरेखीखाली कर्करोगाने वारला. त्याने आपले पाचशे पौंड, तुमच्या घराला एक खिडकी व्हावी म्हणून, त्यांच्या नावे ठेवले. घर अजून बांधलेच नव्हते. ते उभे राहायला एकोणीस वर्षे लागली, आणि 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. मरणासन्न माणसाची वेदना शरीराची, मनाची, नातेसंबंधांची आणि आत्म्याची अशी चारही अंगांनी येते, हे साँडर्स यांनी वैद्यकाला शिकवले. आपल्याकडे 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झाले. भारतातले ते पहिले हॉस्पिस.

वेदना सोसणे हीच देवाची इच्छा, अशी समजूत काही जुन्या घरांत आढळते. कॅथलिक पंथाचे पोप बारावे पायस यांनी 1957 मध्येच डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले होते, की वेदनाशामक औषध घेणे गैर नाही आणि रुग्णावर फार मोठा भार टाकणारे असाधारण उपचार घेत राहण्याचे बंधनही कोणावर नाही. मॉर्फिनच्या नावाने घरचे लोक दचकतात. योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन दुखणे आणि अखेरच्या टप्प्यातला दम दोन्ही कमी करते. त्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून त्याबरोबर पोट साफ होण्याचे औषध सुरुवातीपासून लागते. आपल्या जिल्हा रुग्णालयात अशी सेवा कोणत्या दिवशी मिळते, याची चौकशी वेळ येण्यापूर्वीच करून ठेवावी.

घरात मग काय बदलले? खाट खिडकीजवळ आणली. पाठीमागे उशांचा उतार केला, कारण सपाट निजल्यावर दम वाढतो. समोरून मंद पंखा. सकाळी लघवी झाल्यावर रोज वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वाढले तर डॉक्टरांना फोन, कारण ते शरीरात साठलेले पाणी असते. लोणचे आणि पापड बंद. हा बदल आत्याला सर्वांत जड गेला, आणि रविवारी लोणच्याची एक फोड द्यावी की नाही, यावर धाकट्याने डॉक्टरांशी केलेली वाटाघाट ऐकण्यासारखी होती. (फोड मिळाली.) डॉक्टरांनी सातपैकी तीन गोळ्या कमी केल्या. त्या दूरच्या फायद्यासाठी होत्या. उरलेल्या चार दम आणि सूज आवरणाऱ्या, त्या डब्यात वारांनुसार लावून ठेवल्या. कोणती गोळी थांबवायची, हे घरच्यांनी परस्पर ठरवू नये.

शेवटच्या आठवड्यांत भूक मंदावते. घरच्यांना ते पाहवत नाही आणि घास भरवण्याचा आग्रह सुरू होतो. गिळण्याची शक्ती कमी झालेली असताना आग्रह केला तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याऐवजी ओल्या कापडाने ओठ आणि तोंड पुसत राहावे, चमचाभर पाणी तेही मागितले तर, डोके वर उचलून. दर दोन तासांनी कूस बदलावी. टाचा, माकडहाड, खांदे यांवरची लाली रोज तपासावी. रुग्ण डोळे मिटून पडला तरी त्याला ऐकू येत असावे, असे धरूनच बोलावे. खोलीत दागिन्यांच्या वाटणीची चर्चा तर अजिबात नको.

सून दिवसरात्र राबत होती. मंडळीतल्या बायकांनी आपणहून पाळ्या लावल्या. दुपारी दोन तास कोणी ना कोणी येऊन बसे, एखादे गीत हलक्या आवाजात म्हणे, आणि सून तेवढा वेळ झोपून घेई. पाळकसाहेबांनी प्रभुभोजन घरी आणून दिले. माझ्या मते मंडळीने आजाऱ्याच्या घरी द्यायची सर्वांत उपयोगी भेट म्हणजे ही दोन तासांची झोप. लांबलचक प्रार्थना त्यानंतर.

लेखी व्यवस्थेचाही विचार करायला हवा, आणि त्यासाठी आपल्या नगर जिल्ह्याशी ऋणानुबंध असलेले एक थोर उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले. ख्रिस्ती समाजात दफनाची रीत असताना आपल्या देहाचे दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी आधीच सांगून ठेवली होती. तीप्रमाणे झालेही. इच्छा उघड नसती, तर लक्ष्मीबाईंना त्या दुःखात समाजापुढे किती खुलासे करावे लागले असते! टिळकांचे "ख्रिस्तायन" अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

आज कायद्याचीही साथ आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. सज्ञान आणि स्वस्थचित्त व्यक्तीने, बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत व्हेंटिलेटरसारखे कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हे लिहावे. दोन साक्षीदारांपुढे सही करावी. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घ्यावे. आपल्या डॉक्टरांना आणि घरच्यांना प्रत द्यावी. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हाच ते पत्र विचारात घेतले जाते, आणि त्यावेळीही रुग्णालयाने नेमलेली दोन वैद्यकीय मंडळे पडताळणी करतात. इंजेक्शन देऊन मरण आणण्याशी याचा काही संबंध नाही. मत बदलले तर पत्र कधीही रद्द करता येते.

आत्याने नोटरीपर्यंत जाण्याची दगदग केली नाही. शाळेच्या जुन्या वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून, दोन्ही मुलांना मोठ्याने वाचून दाखवून तिने सही केली आणि कागद पवित्र शास्त्रात ठेवला. अशा घरगुती कागदाला कायद्याचे बळ नसते, हे मी तिला सांगितले. "कायद्याला नाही, या दोघांना हवे आहे ते," ती म्हणाली. थोरला दर शनिवारी पुण्याहून येऊ लागला. पहिल्या शनिवारी तो अंगणातच बसून राहिला. दुसऱ्या शनिवारी त्याने आईच्या पायांना तेल लावले.

धाकट्या नातीचे बाळंतपण तिने पाहिले. फोनच्या पडद्यावर का होईना, पाहिले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, पहाटे, सून तिचे ओठ पुसत असताना आत्या प्रभूमध्ये निजली. आदल्या रात्रीची गोळी तिने वेळेवर घेतली होती.

दफनविधीनंतर मुलांनी तो कागद पुन्हा उघडला. गीत कोणते म्हणायचे, पेटी साधी घ्यायची, जेवणावळ घालायची नाही, सुनेला तिची खाट आणि शिलाईयंत्र द्यायचे, असे सगळे क्रमाने होते. शेवटच्या ओळीत दूधवाल्याच्या थकलेल्या बाकीचा आकडा होता. धाकटा दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ते पैसे देऊन आला.